‘जुनंच म्हणा की वो!’ : बेळगावच्या एका रॉक बँडचं प्रकरण

हे प्रकरण बेळगावच्या एका बँडचं आहे. पंचवीस वर्षं होत आली तरी तो अजून वाजवतो. बँडचं आणि माणसांची नावं काढून टाकली आहेत, काही तपशील पुसट केले आहेत. बेळगावात ज्यांना ओळखायचं ते ओळखतीलच, त्याला इलाज नाही. लोकांचं प्रेम असूनही बँड अडकून कसा पडतो आणि त्यातून बाहेर पडताना काय काय मोजावं लागतं, एवढंच इथे मांडायचं आहे.

पार्श्वभूमी

बेळगाव आणि संगीत म्हटलं की लोकांना आधी कुमार गंधर्व आठवतात. त्यांचा जन्म १९२४ साली इथून जवळच्या सुळेभावीत झाला. त्यानंतर धारवाड-हुबळीची गायकमंडळी आठवतात, मग नाट्यसंगीत. गिटार कुणाला आठवत नाही. खरं तर ती इथे केव्हाच रुळलेली आहे. कॅम्पातल्या ख्रिस्ती घरांत, नाताळच्या नाचांत ती होती, आणि चोर्ला घाट उतरला की गोवा लागतोच. पुढे इंजिनिअरिंग कॉलेजांमुळे बाहेरगावची मुलं आली आणि त्यांच्या बॅगांतून कॅसेटी आल्या. नव्वदचं दशक सरता सरता अशाच एका कॉलेजातली तीन मुलं आणि कॅम्पातला एक ड्रमर एकत्र आले. गाणारा पोरगा खानापूरचा होता, तो थोडा मागाहून आला.

पाच जणांच्या घरांत तीन भाषा. गायक, गिटारवादक आणि कीबोर्डवाला मराठी, ड्रमर कोकणी, बास वाजवणारा कन्नड. आपसात बोलताना ते बेळगावी मराठी बोलत आणि मध्येच कन्नडात शिरत. कोण कुठल्या भाषेत भांडतो यावरून भांडण किती गंभीर आहे ते कळायचं, असं गिटारवादक सांगतो.

सुरुवात इंग्रजी कव्हरांनी, म्हणजे दुसऱ्यांची गाणी वाजवून झाली, तेव्हाच्या प्रत्येक बँडची व्हायची तशी. दोन-तीन वर्षांत मराठी गाणी आली. स्वतःच्या खर्चाने आठ गाण्यांची सीडी काढली. ती कॉलेजच्या फेस्टमध्ये आणि ओळखीच्या एका स्टेशनरीच्या दुकानात हातोहात खपली. त्यातली दोन गाणी गावात इतकी चालली की रिक्षात ऐकू यायची. निपाणी, कोल्हापूर, धारवाड, मडगाव असे कार्यक्रम होत. गणेशोत्सवात एखादं मंडळ ऑर्केस्ट्राऐवजी यांना बोलवायचं.

मग माणसं पांगली, जशी पांगतात. कीबोर्डवाला नोकरीसाठी बंगळुरूला गेला आणि हळूहळू बँडमधूनही सुटला. गायक खानापूरकडच्या एका हायस्कुलात शिक्षक झाला. ड्रमरने उद्यमबागेच्या औद्योगिक वसाहतीत छोटं मशीन शॉप टाकलं, गिटारवादक घरचं दुकान बघू लागला. बासवाला पुणे, हुबळी असं करत परत आला. बँड मोडला नाही, कारण मोडायचं कुणी मनावर घेतलं नाही. मला वाटतं बरेच बँड याच कारणाने टिकतात, पण मुलाखतीत कुणी हे सांगत नाही.

अडचण काय होती

२०१६ च्या सुमारास बँडची यादी पाहिली तर बारा गाणी, त्यातली आठ सीडीवरची. क्रमसुद्धा ठरलेला. लोक यायचे, शेवटची दोन गाणी स्वतःच म्हणायचे, फोटो काढायचे आणि घरी जायचे. चाहत्यांचा व्हॉट्सॅप ग्रुप होता. तेव्हा एका ग्रुपात २५६ जणच मावत, तेवढे भरले होते. ग्रुपावर जुन्या फेस्टचे फोटो, ‘काय दिवस होते’, सुप्रभात आणि निवडणूक आली की भांडणं.

कार्यक्रमही आटले. मंडळांकडे डीजे आला, आणि बँडच्या मानधनात डीजे जास्त आवाज देतो. उघड्यावर रात्री दहाला लाऊडस्पीकर बंद करायचा नियम २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतला. राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंत सवलत देऊ शकतं, पण ती सणांना जाते. साउंड चेक, भाषणं, सत्कार यांतून उरलेल्या पाऊण तासात कुठला बँड नवीन गाणं वाजवून बघेल?

तरीही नवीन गाणी झाली. २०१८ मध्ये एका कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांच्या कार्यक्रमात बँडने तीन नवी गाणी सलग घेतली. पहिल्या गाण्याला लोक सभ्यपणे बसले, दुसऱ्याला आपसात बोलू लागले आणि तिसऱ्याला निम्मी माणसं चहाच्या टेबलाकडे गेली. पुढच्या रांगेतून एकाने मोठ्याने म्हटलं, “सर, आमचं ते जुनंच म्हणा की वो!” हशा झाला. गायकाने हसून जुनं सुरू केलं आणि हॉल पेटला.

सामान टेम्पोत चढवताना जे भांडण झालं ते ड्रमरच्या आठवणीप्रमाणे तिन्ही भाषांत झालं. गायकाचं म्हणणं, लोकांना नवीन नकोच आहे, आपण कशाला जीव काढायचा. बासवाल्याचं म्हणणं, गाणीच वाईट होती. ती तीन गाणी मी ऐकली आहेत, आणि वाईट नव्हती. नीट बांधलेली होती, वाजवलीही चांगली होती. पण शब्द कुठल्याही शहराचे होते: रात्र, रस्ता, स्वप्न, एकटेपण. पुण्यातल्या, मुंबईतल्या कुठल्याही बँडने म्हटली असती तरी चाललं असतं. सीडीवरच्या जुन्या गाण्यांत मात्र पहिलं रेल्वे गेट होतं, कॅम्पातला पाऊस होता, लोंढ्याला चुकलेली गाडी होती. पोरांनी ती गाणी काही न ठरवता, समोर दिसलं ते लिहिलं होतं. चाळिशीत आल्यावर त्यांना ‘मोठं’ लिहायचं होतं.

एक हुकलेला इशारा

ऑगस्ट २०१९ मध्ये महापुराने बेळगाव जिल्हा झोडपला. मदतीसाठी झालेल्या एका कार्यक्रमात बँड वाजवायला गेला. गायकाने मलप्रभेवर एक अर्धवट गाणं लिहिलं होतं. ती उगम पावते खानापूर तालुक्यात, कणकुंबीला, आणि त्याच्या लहानपणची नदी म्हणजे उडी मारून ओलांडायचा ओढा. खाली तीच नदी घरं घेऊन गेली. गाण्याला शेवट नव्हता, दुसरं कडवं त्याने जवळजवळ बोलूनच दाखवलं. लोक गप्प बसून ऐकत होते. त्या संध्याकाळी जुनं मागायला कुणी उठलं नाही.

पण बँडने याचा अर्थ ‘प्रसंग दुःखाचा होता म्हणून ऐकलं’ असा लावला आणि गाणं बाजूला ठेवलं. या प्रकरणातला पहिला निर्णयबिंदू मी इथे मानतो, जरी त्या दिवशी कुणी काहीच ठरवलं नसलं तरी. नवीन गाणं ऐकून घेणारे लोक समोर होते. ते का ऐकतात, हे त्यांना विचारलं मात्र नाही. मार्च २०२० मध्ये सगळंच बंद पडलं.

कोणते पर्याय होते

टाळेबंदीत पाच वर्षांत झाल्या नव्हत्या इतक्या बैठका फोनवर झाल्या. कीबोर्डवाला गेल्यावर उरलेले चौघे, आणि ध्वनियंत्रणा बघणारा पाचवा.

सन्मानाने थांबणं हा पहिला पर्याय. एक निरोपाचा कार्यक्रम, सगळी जुनी गाणी, आणि संपलं. गायक याच बाजूचा होता. त्याचा गळा आता जुन्या पट्टीत सहज जात नव्हता, आणि रविवारी शाळेचे पेपर तपासायचे की तालमीला यायचं हा प्रश्न त्याच्यापुरता खरा होता.

दुसरा पर्याय पैशाचा: गोव्यातली हॉटेलं आणि लग्नं धरून कव्हर बँड व्हायचं. ड्रमरच्या ओळखी होत्या. यात लाज वाटण्यासारखं काही नाही, गोव्यात कितीतरी उत्तम वादक यावरच जगतात. पण चौघांचेही पोटाचे उद्योग वेगळे होते. पैशासाठी बँड चालवायचा तर आधी पैशाची गरज हवी.

तिसरा पर्याय म्हणजे एक बाजू धरणं, आणि सीमाभागाबाहेरच्या वाचकाला हा थोडा समजावून सांगावा लागेल. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपासून बेळगाव कर्नाटकात असावं की महाराष्ट्रात याचा वाद चालू आहे आणि २००४ पासून तो सर्वोच्च न्यायालयात आहे. १ नोव्हेंबरला शहरात राज्योत्सवाची, म्हणजे कर्नाटकाच्या स्थापनादिनाची मिरवणूक निघते आणि मराठी भाषिक त्याच दिवशी काळा दिवस पाळतात. अशा गावात केवळ मराठी किंवा केवळ कन्नड बँड म्हणून उभं राहिलं की त्या त्या बाजूची व्यासपीठं आपोआप मिळतात. दोन्हीकडून विचारणा झाली होती. दोन्हीकडे मानधन बरं होतं आणि दोन्हीकडे निम्मा बँड अवघडून उभा राहिला असता.

चौथा पर्याय ड्रमरने मांडला. तो इंग्लंडच्या मॅरिलियन या रॉक बँडचा भक्त. त्यांच्या अमेरिकेतल्या चाहत्यांनी १९९७ मध्ये इंटरनेटवरून सुमारे साठ हजार डॉलर जमवून बँडला दौऱ्यावर बोलावलं होतं, आणि २००१ चा अल्बम बँडने चाहत्यांकडून आगाऊ पैसे घेऊनच काढला. “आपल्या ग्रुपातल्या लोकांकडून मागूया की,” हा त्याचा मुद्दा. त्यावर बासवाल्याचं उत्तर मला फार नेमकं वाटतं. मॅरिलियनच्या लोकांनी पुढच्या गाण्यांसाठी पैसे दिले, आपले लोक मागच्या गाण्यांसाठी देतील. मग आपण सीडीच परत छापू.

दिल्लीच्या इंडियन ओशन या बँडचाही विषय निघाला. २००९ मध्ये त्यांचे गायक-तबलावादक असीम चक्रवर्ती गेले, २०१३ मध्ये संस्थापक गिटारवादक सुस्मित सेन बाहेर पडले, तरी बँड पुढे वाजत राहिला. मुंबईच्या रॉक मशीन या बँडने तर १९९३ मध्ये नावच बदलून इंडस क्रीड केलं, कारण स्वतःची गाणी घेऊन वेगळी ओळख हवी होती. पुढे १९९७ मध्ये तो बँड फुटला आणि २०१० मध्ये परत जमला. नाव बदलायचा विचार यांनीही केला. लगेच सोडला, कारण नाव गेलं तर येणारी माणसंही जातील अशी भीती होती. भीती रास्त होती असं मला वाटतं. मुंबई-दिल्लीच्या बँडला जे परवडतं ते बेळगावात परवडेलच असं नाही.

शेवटी ठरलं ते यातलं कुठलंच नव्हतं. निरोप वर्षभर पुढे ढकलायचा आणि तोवर तालीम लोकांसमोर करायची. कल्पना ध्वनियंत्रणावाल्याची. त्याचा तर्क सरळ होता: स्टेजवर लोक मजेसाठी येतात, तिथे त्यांना अपुरं गाणं ऐकवणं अन्याय आहे, पण तालमीला जो येतो तो अपुरं ऐकायलाच येतो.

काय केलं: मागाच्या शेडमधली तालीम

जागा वडगावात मिळाली. गिटारवादकाच्या नात्यातल्या एका घरामागे यंत्रमागाची शेड होती. माग विकले गेले होते, शेड रिकामी होती. आजूबाजूला अजून माग चालत असल्यामुळे आवाजाची तक्रार येण्याचा प्रश्न नव्हता. उलट पहिल्या दिवशी शेजारच्या आजी येऊन म्हणाल्या, “एवढंच होय? आम्हाला वाटलं मोठं काय तर करायलासा.”

महिन्यातून एक रविवार, संध्याकाळी चार ते सात. तिकीट नाही. नियम तीन होते आणि ते दारावर मराठी-कन्नड दोन्हीत लिहिले. जुनं गाणं एकच, तेही शेवटी. गाणं मध्येच थांबेल, चुकेल, परत सुरू होईल. फोनवर आवाज टिपायला हरकत नाही, व्हिडिओ नको.

तिसऱ्या नियमावर बरीच चर्चा झाली. ग्रेटफुल डेड हा अमेरिकन बँड श्रोत्यांना कार्यक्रम टिपू द्यायचा. १९८४ पासून तर टेप करणाऱ्यांसाठी त्यांनी वेगळी जागाच ठेवली, आणि त्या टेपांच्या देवाणघेवाणीतून चाहते जोडले गेले, हे ड्रमरला ठाऊक होतं. गायकाला मात्र चुकणारा चेहरा फेसबुकवर नको होता, कारण शाळेतली मुलं बघतात. म्हणून आवाज चालेल, चित्र नको. ही तडजोड अनपेक्षितपणे फळली. व्हिडिओ नसल्यामुळे लोक फोन खिशात ठेवून बसू लागले आणि अर्धवट गाण्यांच्या आवाजफिती ग्रुपावर फिरू लागल्या. कुठलं कडवं लोक परत परत पाठवतात, हे बँडला आपोआप कळू लागलं.

पहिले काही महिने मित्र आणि घरचेच आले. तिथे सोडून द्यावंसं वाटणं साहजिक होतं. टिकले ते शेडचं भाडं नव्हतं म्हणून, असं गिटारवादक मोकळेपणाने सांगतो.

मग एका रविवारी उद्यमबागेतल्या फाउंड्रीत तीस वर्षं काढलेले एक निवृत्त गृहस्थ, ड्रमरच्या ओळखीचे, ऐकायला आले. त्या दिवशी ओतकाम करणाऱ्या कामगारावरचं एक गाणं चाललं होतं. रात्रपाळी, भट्टीचा लाल उजेड, शांतता. ते ऐकून घेतल्यावर म्हणाले, “असं नसतंय वो ते. शांत कुठलं?” आणि उठून त्यांनी पत्र्याच्या डब्यावर मोल्डिंग मशीनचा ठोका वाजवून दाखवला. वाळू साच्यात बसावी म्हणून मशीन आधी भराभर आदळतं, मग थांबतं, मग वरून दाब येतो. ठोके, विराम, दाब. ड्रमरचं स्वतःचं वर्कशॉप त्याच वसाहतीत, तो आवाज त्याने वर्षानुवर्षं ऐकलेला. तरी वाजवायचं सुचलं नव्हतं. त्या दिवशी गाण्याची चाल मोडली आणि ठोक्यावर नवी बसली. विरामाच्या जागी गायक एकटा म्हणतो आणि दाबाच्या जागी सगळी वाद्यं एकदम येतात. शब्दांतला लाल उजेड गेला. त्याऐवजी कपड्यांतून निघणारी काळी वाळू आली, कारण काकांच्या घरी ती तीस वर्षं निघत होती.

ग्रुपावर ती फीत पसरली तेव्हा फाउंड्रीतल्या तरुण पोरांनी ऐकली. पुढच्या रविवारी त्यांच्यातली काही आली. हे बँडचे जुने चाहते नव्हते, त्यांनी सीडी कधी पाहिलीही नव्हती.

मलप्रभेचं गाणंही इथेच पूर्ण झालं. खानापूरकडून आलेल्या एका बाईंनी पुराच्या रात्रीची हकीगत सांगितली. शेवटचं कडवं जवळजवळ त्यांच्याच बोलण्यातलं आहे. त्यांचं नाव श्रेयनामावलीत घालू का, असं गायकाने विचारलं. त्यांनी नको म्हटलं. पण विचारलं, हे मी महत्त्वाचं मानतो.

भाषेचा निर्णय

गाणी इथल्या माणसांची होऊ लागली तसा भाषेचा प्रश्न पुन्हा पुढे आला, या वेळी गाण्याच्या आतून. फाउंड्रीतला माणूस मुकादमाशी कन्नडात बोलतो आणि घरी मराठीत. मग गाण्यात मुकादम काय बोलेल? बासवाल्याने चार ओळी कन्नडात लिहिल्या. यात एकात्मतेचा संदेश वगैरे काही नव्हता, तो माणूस तसंच बोलतो एवढाच मुद्दा होता. आणि म्हणूनच ते चाललं, असं माझं मत आहे. संदेश द्यायला दोन भाषा वापरल्या असत्या तर दोन्हीकडच्या लोकांना तो वास लगेच आला असता.

सोबत काही व्यवहाराचे नियम ठरले. पोस्टर दोन्ही लिप्यांत. १ नोव्हेंबरला कुठेही वाजवायचं नाही, कुणी कितीही पैसे देवो. राजकीय व्यासपीठ नाही, शुभेच्छाफलकावर बँडचा फोटो नाही.

किंमत द्यावी लागलीच. काही जुने मराठी चाहते ‘आमची पोरं तिकडं गेली’ म्हणत ग्रुप सोडून गेले. गायकाला त्यातल्या एकाचं फार लागलं, कॉलेजपासूनचा मित्र होता. दुसऱ्या बाजूने एका हॉलच्या व्यवस्थापकाकडे ‘मराठी कार्यक्रमाला जागा का देता’ अशी विचारणा झाली. पोस्टर दोन्ही लिप्यांत होतं म्हणून ती तिथेच मिटली. दोन्हीकडून थोडं थोडं ऐकून घ्यावं लागणं हीच इथली मधली जागा आहे, आणि ती आरामाची नाही.

चाहत्यांशी संपर्क कसा बदलला

जुना ग्रुप बंद केला नाही. त्यात लिहायचा अधिकार फक्त बँडला ठेवला. पहिल्या आठवड्यात बरेच जण रुसले, सुप्रभात पाठवता येईना. पण महिन्यातून एकदा चौघांपैकी एकाने तीन-चार मिनिटांचा आवाजी निरोप पाठवायचा असं ठरलं, आणि ते लोक ऐकू लागले. निरोपात जाहिरात नसे. कुठलं गाणं अडलंय, का अडलंय, तालीम कधी आहे, एवढंच. बासवाला कन्नडात बोलतो, ड्रमर जसं येईल तसं.

चाहते आता पुण्यात, बंगळुरूत, आखातात. त्यांना गावात धरायचं तर गणपतीत. म्हणून वर्षाचा मोठा कार्यक्रम गौरी-गणपतीच्या विसर्जनानंतरच्या दिवशी, बंद हॉलमध्ये, संध्याकाळी लवकर ठेवला. घरचे गणपती गेलेले असतात, सुट्टी एखादा दिवस उरलेली असते, आणि बाहेरच्या मिरवणुकांशी स्पर्धा नसते. बंद हॉल असल्यामुळे दहाच्या नियमाची घाईही नसते.

याच काळात एक विचित्र प्रकार घडला. हॉलमधल्या एका जुन्या गाण्याचा व्हिडिओ बँडने यूट्यूबवर टाकला आणि त्यावर कॉपीराइटचा दावा आला. त्यांच्याच गाण्यावर! शोध घेतल्यावर कळलं की आखातातल्या एका चाहत्याने जुनी सीडी एका वितरण सेवेमार्फत स्ट्रीमिंगवर चढवली होती. हेतू वाईट नव्हता, ‘कुठे मिळतच नाही’ म्हणून त्याने ती टाकली होती. पण यंत्रणेच्या लेखी गाणं त्याच्या खात्यावरचं.

इथे बँडपुढे दोन वाटा होत्या. तक्रार करून सगळं उतरवायचं, किंवा त्याला फोन करायचा. गिटारवादकाने फोन केला. बोलता बोलता उघड झालं की त्याच्याकडे बँडच्या जवळपास प्रत्येक जुन्या कार्यक्रमाचं काही ना काही आहे: कॅसेटी, फोटो, तिकिटं, फेस्टची पत्रकं. बँडकडे यातलं काहीच नव्हतं. आज तोच बँडचा संग्रह सांभाळतो आणि गाणी बँडच्या खात्यावर आली आहेत.

तरी त्यातून खरा प्रश्न उघडा पडला तो राहिलाच: गाणी कुणाची? सीडीवरच्या आठपैकी तीन चाली कीबोर्डवाल्याच्या. कागद काहीच नव्हता. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला हक्क वारस किंवा कॉपीराइट सोसायटी सोडून दुसऱ्या कुणाच्या नावे करता येत नाही, हे यांच्यातल्या कुणाला माहीत नव्हतं. बंगळुरूला जाऊन त्याच्याशी बसावं लागलं. पहिली भेट वाईट झाली. रक्कम क्षुल्लक होती, पण दहा वर्षांत कुणी फोन केला नाही हा त्याचा राग होता आणि तो रास्त होता. दुसऱ्या भेटीत प्रत्येक गाण्यापुढे शब्द कुणाचे, चाल कुणाची असं लिहून सगळ्यांनी सह्या केल्या.

निष्पत्ती

निरोपाचा कार्यक्रम झाला नाही. शेडमधून आलेली सात गाणी आज बँडच्या यादीत आहेत आणि फाउंड्रीचं गाणं आता लोक मागून घेतात. म्हणजे तेही ‘जुनं’ व्हायला लागलं. गायकाने सगळ्या जुन्या गाण्यांची पट्टी एका स्वराने उतरवली. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

पुण्यातला कार्यक्रम फसला. तिथल्या श्रोत्यांना बेळगावी बोली म्हणजे विनोद अशी सवय आहे. फाउंड्रीच्या गाण्यात ‘काय करायलास’ आलं आणि लोक हसले, प्रेमानेच हसले. गायकाला स्टेजवर घाम फुटला. नंतर भाषा जरा प्रमाण करावी का, यावर दोन तालमी गेल्या. केली नाही. गावाबाहेर वाजवताना आता मलप्रभेचं गाणं आधी घेतात. ते ऐकल्यावर पुढे हसू कमी येतं, असा अनुभव आहे.

पैशाचं म्हणाल तर बँड स्वतःचा खर्च भागवतो, त्याहून फार नाही. वर्षाच्या हॉलच्या कार्यक्रमातून नव्या ध्वनिमुद्रणाचा बराचसा खर्च निघाला. उरलेला आगाऊ नोंदणीतून आला, आणि ड्रमरने मॅरिलियनचं नाव काढून सगळ्यांना पुरेसं छळलं.

वेगळं काय करता आलं असतं

हक्कांचा कागद सीडी निघाली त्याच दिवशी व्हायला हवा होता. तेव्हा सगळे मित्र होते आणि मित्रांत कागद करणं विचित्र वाटतं. पण मित्र असतानाच तो सोपा असतो. २०१८ च्या कार्यक्रमात तीन नवी गाणी सलग घेणं ही रचनेची चूक होती, आणि तिच्यावरून ‘लोकांना नवीन नको’ हा निष्कर्ष काढणं त्याहून मोठी. पुराच्या कार्यक्रमानंतर दोन श्रोत्यांशी जरी बोलले असते तरी एक-दोन वर्षं वाचली असती.

शेडमध्ये कानांची काळजी कुणी घेतली नाही. पत्र्याचं छप्पर, तीन तास ड्रम. ध्वनियंत्रणावाल्याला आता डाव्या कानात सतत शीळ ऐकू येते. कानात बोळे घालायचा नियम त्यानंतर झाला. तो पहिल्या रविवारी, त्या तीन नियमांसोबतच दारावर लागायला हवा होता.

सगळ्यात अवघड आक्षेप खुद्द खुल्या तालमीवरचा आहे आणि तो बासवाल्याचा आहे. लोकांसमोर घडणारं गाणं लवकर पकड घेणारं होत जातं. ठोका असलेलं, म्हणता येणारं, ओळखीचं. संथ, चौथ्यांदा ऐकल्यावर उलगडणारं गाणं शेडमध्ये तग धरत नाही, कारण पहिल्यांदाच ते शांततेत पडतं आणि चौघे घाबरतात. त्याची स्वतःची दोन गाणी अशी गळाली. मी ती ऐकली, आणि निदान एकाच्या बाबतीत तो बरोबर आहे. पूर्वी बँड जुन्या टाळ्यांना बांधलेला होता, आता नव्या टाळ्यांना बांधला जाईल ही भीती खोटी नाही. माझं मत विचाराल तर शेड वर्षातले सहा महिने बंद ठेवावी. गायक याच्या विरुद्ध आहे. त्याच्या मते फाउंड्रीतली पोरं एकदा सुटली की परत येणार नाहीत, आणि गेल्या पंचवीस वर्षांत सुटलेल्या माणसांचा हिशेब बघता त्यालाही खोडून काढता येत नाही.

येत्या पावसाळ्यात दोन महिने दार लावून तालीम करायची आणि महिन्याचे आवाजी निरोप मात्र चालू ठेवायचे, इतपत सध्या एकमत झालं आहे. त्या निरोपांत अर्धवट गाणं ऐकवायचं की नाही, यावर अजून वाद चालू आहे.